नकाशा मोठा, गोष्ट हलकी

‘स्कायरिम’ या गेमची सुरुवात शिरच्छेदाच्या प्रसंगाने होते. हात बांधलेला खेळाडू घोडागाडीतून हेल्गन नावाच्या गावात आणला जातो, त्याची मान ठोकळ्यावर ठेवली जाते आणि नेमक्या त्याच क्षणी आभाळातून अल्डुइन नावाचा काळा ड्रॅगन उतरून सगळं गाव पेटवून देतो. जगाचा अंत जवळ आला, हे इथून पुढे खेळाडूला पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. व्हाइटरन शहराच्या सरदाराला खबर द्यायची, त्याच्यासाठी एका जुन्या थडग्यातून कोरीव शिळा आणायची आणि मग शहराबाहेरच्या पडक्या टेहळणी बुरुजावर पहिल्या ड्रॅगनशी दोन हात करायचे, असा पुढचा क्रम आहे. पण खेळाडू त्या बुरुजाकडे फिरकलाच नाही तर? तर काहीही होत नाही. बुरुजावरची ती लढाई होईपर्यंत रानावनात दुसरा एकही ड्रॅगन दिसत नाही. खेळाडूने खुशाल जडीबुटी गोळा करावी, चोरांच्या टोळीत शिरून तिचा म्होरक्या व्हावं, समुद्रकाठी भटकावं. गेममधली वर्षं सरतात आणि प्रलय त्या बुरुजाशी ताटकळत राहतो.

बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणलेल्या या गेमच्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचं कंपनीनेच २०२३ मध्ये सांगितलं. आजही लोक तो खेळतात. डोंगरावरचा बर्फ, रात्रीचं आकाश, वाटेत अवचित सापडणारी गुहा यांच्याविषयी खेळाडू भरभरून बोलतात. मुख्य कथानकाचं नाव काढलं की मात्र बोलणं आटोपतं. ज्या गेममध्ये खेळाडूला विस्तीर्ण प्रदेशात हवं तिकडे, हव्या त्या क्रमाने जाता येतं त्याला ओपन-वर्ल्ड गेम म्हणतात, आणि जादू, राक्षस, भविष्यवाणी असल्या काल्पनिक दुनियेतल्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये हा प्रकार वारंवार दिसतो. जग भरगच्च आणि मुख्य गोष्ट किरकोळ. ही उणीव भरून काढायला पुढे येतात ते मॉडर, म्हणजे मूळ गेमच्या फायलींत स्वतः बदल करून ते बदल इतरांना बहुधा फुकट वाटणारे हौशी खेळाडू. माझं म्हणणं असं, की मुख्य गोष्ट दुबळी राहते ती लेखक कमी पडतात म्हणून नव्हे. स्वातंत्र्याची किंमत गोष्टीकडून वसूल केली जाते म्हणून. आणि मॉडरांवर ज्या जागेची भिस्त टाकली जाते, नेमकी तीच जागा त्यांना फारशी दुरुस्त करता येत नाही.

गोष्टीला काळ लागतो. अमुक वेळेत अमुक झालं नाही तर अमुक बिघडेल, या धाकावर ती पुढे सरकते. ओपन-वर्ल्ड गेमचं वचन याच्या अगदी उलट असतं: घाई करू नका, सगळं तुमच्यासाठी थांबेल. ही दोन्ही वचनं एकाच वेळी पाळता येत नाहीत. १९९७ च्या ‘फॉलआउट’ने धाक खरा करून पाहिला होता. अणुयुद्धानंतरच्या त्या जगात आपल्या लोकांसाठी पाण्याची चिप १५० दिवसांत आणायची होती, नाही आणली तर खेळ खलास. शिवाय शत्रूच्या हल्ल्याची आणखी एक मुदत मागे दडलेली होती. अनेक खेळाडूंना ही टांगती तलवार रुचली नाही आणि कंपनीला पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, काढून ती दुसरी मुदत इतकी लांबवावी लागली, की ती असून नसल्यासारखी झाली. पुढच्या बहुतेक कंपन्यांनी यातून सोपा मार्ग निवडला. धाक तोंडी ठेवायचा, अंमलात आणायचा नाही. पात्रं ओरडत राहतात, घड्याळ चालत नाही. दहा-वीस तासांत खेळाडूला ही लबाडी कळते आणि त्यानंतर जगबुडीच्या कुठल्याही बातमीने त्याच्या काळजात धस्स होत नाही.

नायकाचंही तेच. ‘स्कायरिम’मध्ये दहा वंशांपैकी कुठलाही निवडता येतो. मांजरमुखी भुरटा, हिरव्या कातडीचा लढवय्या, गर्विष्ठ जादूगार, काहीही व्हा. मग मुख्य गोष्टीतले संवाद या सगळ्यांना चालतील असे लिहावे लागतात, आणि सगळ्यांना चालणारा संवाद कुणाचाच नसतो. नायकाचा भूतकाळ नाही, भीती नाही, कुणाशी जुनं देणंघेणं नाही. बेथेस्डाने २०१५ च्या ‘फॉलआउट ४’मध्ये नायकाला आवाज आणि कुटुंब देऊन पाहिलं, तेव्हा उत्तरांचे पर्याय आक्रसले म्हणून खेळाडू नाराज झाले, २०२३ च्या ‘स्टारफील्ड’मध्ये नायक पुन्हा मुका झाला. परिणामांच्या बाबतीत तर हात आणखी बांधलेले. मुख्य गोष्ट कुणी पहिल्या आठवड्यात संपवेल, कुणी कधीच नाही, त्यामुळे तिच्या शेवटाने जगात मोठा फरक पडू देणं महागात जातं. अल्डुइनला मारल्यावरही रानात ड्रॅगन भेटतच राहतात, पहारेकरी तेच ते बोलतात, बाजार तसाच चालतो. ज्या घटनेची खूण जगात कुठेच उरत नाही, ती घडली असं मनाला पटत नाही.

आता मॉडरांकडे वळू. बेथेस्डाने २००२ च्या ‘मॉरोविंड’च्या संगणकावरील आवृत्तीबरोबर गेम घडवायचं अवजारच खेळाडूंच्या हाती दिलं. ही उदारता होती, आणि तिचं श्रेय कंपनीला द्यायलाच हवं. ‘स्कायरिम’साठी तसंच अवजार फेब्रुवारी २०१२ मध्ये आलं आणि पुढे मॉडचा, म्हणजे अशा हौशी बदलांचा, पूर लोटला. कंपनीने न सुधारलेल्या शेकडो चुका सुधारणारा ‘अनऑफिशियल पॅच’ हौशी लोकांनी बनवला आणि वर्षानुवर्षं सांभाळला. सुरुवातीची घोडागाडी टाळून वेगळ्याच आयुष्यापासून आरंभ करू देणारा मॉड कमालीचा लोकप्रिय झाला. मुख्य गोष्टीच्या दारातूनच आत यायला लोक कंटाळले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. सगळ्यात बोलकं उदाहरण पार्थरनॅक्सचं आहे. हा डोंगरमाथ्यावर राहणारा म्हातारा ड्रॅगन खेळाडूला शिकवतो, अल्डुइनविरुद्ध मदत करतो. मध्येच ‘ब्लेड्स’ ही ड्रॅगनमारांची संघटना हुकूम सोडते: त्याच्या जुन्या पापांसाठी त्याला ठार करा, नाहीतर आमचा-तुमचा संबंध संपला. ही संघटना खेळाडूला आपला धनी मानते, तरी धन्याला ‘नाही, मी त्याला मारणार नाही, आणि तुम्ही माझं ऐकाल’ एवढं म्हणायची सोय मूळ गेममध्ये नाही. या मुख्य गोष्टीतला सर्वांत खरा पेच हाच, आणि लेखकांनी तो उघडाच सोडून दिला. अखेर मॉडरांनी नकाराची ती वाट घालून दिली.

एका फांदीची डागडुजी अशी होऊ शकते, खोडाची होत नाही. मुख्य गोष्टीतले संवाद व्यावसायिक नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित असतात. मॉडर फार तर असलेले शब्द कापून-जोडून नवं वाक्य करतो, किंवा हल्ली यंत्राकडून त्या आवाजाची नक्कल करून घेतो, आणि त्याला आवाजाच्या कलाकारांनी रास्त हरकत घेतली आहे. शिवाय मुख्य गोष्टीचे धागे बाकीच्या शेकडो मिशनांत गुंतलेले असतात. एक ओढला की दहा सुटतात. म्हणूनच मॉडरांमधल्या सर्वांत गुणी लेखकांनी काय केलं ते पाहण्याजोगं आहे. जर्मनीतल्या ‘शुअरएआय’ या हौशी गटाने २०१६ मध्ये ‘स्कायरिम’च्या यंत्रणेवर ‘एंडेराल’ उभा केला: नवा प्रदेश, नवी पात्रं, नवे आवाज. अल्डुइनची गोष्ट त्यांनी सुधारली नाही, ती बाजूलाच ठेवली. त्यांच्या जगात सगळीकडे पहिल्या दिवसापासून मोकाट फिरता येत नाही. कच्चा खेळाडू भलत्या मुलखात गेला तर तिथले शत्रू त्याला टिकू देत नाहीत. म्हणजे स्वातंत्र्याला त्यांनी जाणूनबुजून कात्री लावली आणि त्या मोबदल्यात गोष्ट कमावली. ऑस्ट्रेलियातल्या निक पिअर्सचा ‘द फरगॉटन सिटी’ हा २०१५ चा मॉड त्याहून धारदार. जमिनीखालच्या एका नगरात कुणी एकानेही पाप केलं तर सगळ्यांना मरण, असा तिथला कायदा. अनर्थ झाला की काळ मागे फिरतो आणि खेळाडू पुन्हा पहिल्यापासून माणसांना भेटत, विचारपूस करत फिरतो. इथे भटकणं हीच गोष्ट झाली, काळ आणि स्वातंत्र्य यांचं भांडण मिटलं. या मॉडला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून आला.

या सगळ्याचा आपल्याशी, त्यातही खान्देशाशी, काय संबंध, असं कुणी विचारील. दुसऱ्याची कलाकृती घेऊन तिला आपल्या मातीचा रंग चढवायचा, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे निघालं की साधारण ५० किलोमीटरवर मालेगाव लागतं. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तोवर ते खान्देशातच होतं. उरलेल्या खान्देशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे भाग पडले, त्यांतूनच आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे आले. मालेगाव या यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ बनवला. घोड्यांना पैसे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवरून आले. नट गावातलेच होते. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला. त्यात यंत्रमागावर काम करणारा शफीक सुपरमॅन झाला होता. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटाने ही मंडळी जगाला दाखवली, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. गेमच्या भाषेत बोलायचं तर मालेगावचा ‘शोले’ हा मॉडच. मूळ चौकट तीच, आतला माल गावचा.

पण एक फरक आहे आणि माझ्या मते तो कळीचा आहे. नासिर शेख यांनी हात घातला तो सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या १९७५ च्या ‘शोले’ला, ज्याचा कणा इतका भक्कम आहे की घोड्याच्या जागी सायकल आली तरी गोष्ट डगमगत नाही. ठाकूरचा सूड, भाड्याने आणलेले दोन भुरटे, दहशतीखालचं गाव: एवढं शाबूत ठेवलं की बाकी सगळं बदलायला कलावंत मोकळा. प्रेक्षकाला पुढचं पाऊल ठाऊक असतं, म्हणून बदललेलं पाऊल त्याला दिसतं आणि हसू फुटतं. गेमच्या मॉडरांपुढे उलटं कोडं असतं. त्यांना रंग भरायला भिंती ढीगभर मिळतात, आढंच वाकलेलं असतं. आज जळगाव-धुळ्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या, गाजलेल्या सिनेमांतल्या प्रसंगांवर अहिराणी संवाद चढवलेल्या चित्रफितींचंही मर्म हेच आहे. चित्र तेच, फक्त आवाज बदलला, आणि राजदरबारातला सूड शेताच्या बांधावरचं भांडण होतो. मूळ प्रसंगात दोन माणसांमधला ताण खरा असतो म्हणून हे जमतं. ताणच नसलेल्या प्रसंगावर कितीही फर्मास अहिराणी चढवा, तो उठत नाही.

इथे एक जोरदार आक्षेप येतो आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. तमाशातल्या वगाचं कथानक तरी कुठे फार भक्कम असतं? खान्देशातल्या यात्रांत रात्र रात्र चालणाऱ्या तमाशात गण, गवळण, बतावणी झाल्यावर जो वग लागतो, त्याची गोष्ट अनेकदा एका दमात सांगून संपेल एवढीच असते. रंगत आणतो सोंगाड्या, गोष्ट सोडून गावच्या पाटलाची, पावसाची, महागाईची टोपी उडवून. दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’ हा वग गाजवला तो ऐन वेळी सुचणाऱ्या बोलण्याच्या बळावर. मग गेमची मुख्य गोष्ट बारीक असली तर बिघडलं कुठे? हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. बारीक गोष्ट हा दोष नाही. पण वग आपण बारीक असल्याचं लपवत नाही. प्रलयाची भीती घालून मग प्रेक्षकाला ताटकळत ठेवत नाही. सोंगाड्या समोर जिवंत उभा असतो, समोरच्या गर्दीला बघून बोलतो. गेम एकदा मुद्रित झाला की त्याला हे करता येत नाही. आणि तिसरी गोष्ट पैशाची: सोंगाड्या फडाचा माणूस असतो, त्याला फडाकडून बिदागी मिळते. त्याच्या हजरजबाबीपणावर फड उभा असतो आणि हे फडमालक जाणून असतो.

मॉडरांच्या बाबतीत हा हिशेब आजही सरळ झालेला नाही. एप्रिल २०१५ मध्ये बेथेस्डा आणि स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह यांनी ‘स्कायरिम’चे मॉड विकत देण्याची योजना आणली. विक्रीतले २५ टक्के मॉडरला, ३० टक्के व्हॉल्व्हला आणि ४५ टक्के बेथेस्डाला, अशी वाटणी होती. खेळाडू भडकले आणि आठवडाभराच्या आत योजना गुंडाळावी लागली. रागाचा रोख बहुतेक ‘फुकटचं विकत का’ यावर होता. मला त्या वाटणीचा आकडा जास्त खटकतो, कारण ज्याने काम केलं त्याला चौथा हिस्सा आणि ज्याची उणीव त्याने भरून काढली त्याला जवळपास निम्मा. २०१७ पासून बेथेस्डाने काही मॉडरांना रीतसर मोबदला देऊन काम द्यायला सुरुवात केली आणि २०२३ अखेर निवडक मॉडरांना विक्रीचीही मुभा दिली. पावलं योग्य दिशेची आहेत. मात्र त्यातून आलेल्या मालात चिलखतं, घरं, छोटी मिशनं जास्त. मुख्य गोष्टीची दुरुस्ती नाही. मॉडरांच्या कष्टाकडे कंपनी कसं पाहते याचा नमुना २०२४ मध्ये दिसला. ‘फॉलआउट: लंडन’ हा काही वर्षं खपून बनवलेला अवाढव्य मॉड एप्रिलमध्ये येणार होता. नेमकं त्याच सुमारास कंपनीने ‘फॉलआउट ४’चं मोठं अपडेट जाहीर केलं, त्याने मॉड मोडण्याची वेळ आली आणि गटाला जुलैपर्यंत थांबावं लागलं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने जिच्या मातृसंस्थेसाठी साडेसात अब्ज डॉलर मोजले, त्या कंपनीचं वेळापत्रक आखताना या माणसांचा विचार कुणाच्या मनात आला नसावा.

मॉडर हे सगळं हौसेने करतात, त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, असं उत्तर यावर हमखास मिळतं. ते खरं आहे आणि त्या हौसेबद्दल मला आदर आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा जगभर गाजलेला गेम मूळचा १९९९ चा मॉडच होता. आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही ‘जीटीए’ या गाजलेल्या गेममध्ये भारतीय गाड्या घालणारे मॉड पोरांनी आवडीने खेळले. हौस जपलीच पाहिजे. माझी तक्रार हौशी माणसाबद्दल नाही, त्याची हौस जमेला धरून आपल्या कामात ढिलाई करणाऱ्या कंपनीबद्दल आहे. दुसरं उत्तर असं, की मुख्य गोष्टीसाठी हे गेम कुणी खेळतच नाही. मग जाहिरातीत ड्रॅगन आणि भविष्यवाणी कशाला? पहिला तासभर खेळाडूला त्याच रुळावरून कशाला नेता? दार म्हणून गोष्ट वापरायची आणि आत आल्यावर ती महत्त्वाची नव्हती म्हणायचं, हे बरोबर नाही.

शिवाय हे जमतं, याचे दाखले हाताशी आहेत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ च्या ‘द विचर ३’मध्ये आंजेय सापकोव्स्की यांच्या कथांतला गेराल्ट हा ठरलेला नायक घेतला. त्याला भूतकाळ आहे, हरवलेली मानसकन्या आहे. मुलगी संकटात असताना तो पत्ते खेळत बसू शकतो, एवढी काळाची भेग तिथेही आहेच; पण माणूस खरा असल्याने ती भेग सोसवते. ‘मॉरोविंड’ने आणखी साधी युक्ती केली होती: खेळाडूचा वरिष्ठ त्याला सुरुवातीलाच सांगतो, तू अजून कच्चा आहेस, एखाद्या संघात सामील हो, दुनिया बघ, मग ये. भटकंतीला गोष्टीनेच परवानगी दिली. निन्टेन्डोच्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये अनर्थ १०० वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे आणि राजकन्या त्या संकटाला किल्ल्यात रोखून धरून आहे, म्हणून खेळाडूने तयारीला घेतलेला वेळ खोटा वाटत नाही. यातली एकही युक्ती खर्चिक नाही. कागदावर, पहिल्या महिन्यात, लेखकाला नकाशा आखणाऱ्यांच्या बरोबरीने बसवलं तर सुचण्याजोगी आहे. नकाशा आधी आणि गोष्ट मागून, हा क्रमच खरा आजार आहे.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, तेव्हा त्या छोट्या चमूने अफाट जगाचा मोह टाळला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी बहीण, एवढी एक वाट. गेम काही तासांत संपतो, शेवट घाईचा वाटतो, पण ती मुलगी कुठे आणि कशासाठी निघाली आहे हे एका क्षणासाठीही विसरायला होत नाही. आज गेम बनवायची यंत्रणा जळगाव-धुळ्यातल्या मुलालाही फुकट उतरवून घेता येते. त्यांच्यातल्या कुणाला असं काही करावंसं वाटत असेल, तर त्याने आधी गोष्ट पक्की करावी आणि मग तिला पुरेल एवढीच जमीन आखावी. आणि जे नुसते खेळतात त्यांना एक विनंती: नवा ओपन-वर्ल्ड गेम घेतलात तर पहिल्यांदा एकही मॉड न घालता खेळा, मुख्य गोष्ट शेवटपर्यंत न्या, आणि अभिप्राय लिहाल तो कंपनीने जे दिलं त्यावरच लिहा. मॉड त्यानंतर घाला, आणि तो ज्याने बनवला त्याच्या पानावर दोन ओळी नक्की लिहून या.